विलासच्या राहिलेल्या पाट्या

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी मार्केट यार्डात दुकानाच्या ओट्यावर बसून हळदीचा नमुना बघत होतो. फोन त्याच्या थोरल्या भावाचा, आनंदरावांचा होता. त्यांना मीही विलाससारखंच दादा म्हणतो. दादांनी मला आपणहून कधी फोन केलेला नव्हता, त्यामुळं पडद्यावर नाव दिसलं तेव्हाच कळायला हवं होतं. “भरत, ये बाबा,” एवढंच म्हणाले... मग थोड्या वेळानं, “सकाळी च्या घेतला, जरा पडतो म्हणाला, आन् उठलाच न्हाई.” मी हातातली हळकुंडं परत पोत्यात टाकली, मुलाला दुकान बघ म्हणालो आणि आष्ट्याची एसटी धरली. रडू आलं नाही. या वयात आपली माणसं जायला लागली की दुःखाच्या आधी थकवा येतो. पुन्हा तेच नदीकाठचं उभं राहणं आणि ‘काय झालं होतं?’ या प्रश्नाला पुन्हा तेच उत्तर. हृदय दोन वर्षांपासून कुरकुरत होतं, औषधं चालू होती, पथ्य तो पाळत नव्हता. सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं. आता काही आठवडे गेलेत, लोकांचं विचारणं थांबलंय, आणि मला तो जरा नीट आठवायला लागलाय.

आमची ओळख कॉलेजातली. मी सांगलीतल्या हळदीच्या व्यापाऱ्याचा मुलगा, आणि तो सांगली-आष्टा रस्त्यावरच्या एका गावातल्या पाटलांचा धाकटा. त्यांची हळद आमच्याच दुकानात यायची, म्हणून त्याच्या वडलांनी त्याला आमच्या घरी आणून सोडला आणि माझ्या आईला म्हणाले, “आक्का, ह्याच्यावर ध्यान ठेवा, चित्रं काढत बसतंय.” त्यांच्या घरातला एक तरी माणूस फौजेत असायचा. विलासची नजर अधू, तो भरतीत नापास झाला, आणि वडलांनी नाइलाजानं त्याला चित्रकला शिकू दिली. पुढं त्याला साताऱ्यात एका सरकारी संग्रहालयात नोकरी लागली. हुद्दा कागदावर काहीतरी लांबलचक होता. काम म्हणजे वस्तू मांडायच्या, पुतळे रंगवायचे, पाट्या लिहायच्या. मी हळद बघायला वाईला जायचो तेव्हा परतताना साताऱ्यात त्याच्याकडं मुक्काम ठरलेला. सुट्टीच्या दिवशी तो मला बंद दालनं उघडून दाखवायचा. एखादं कपाट मांडून झालं की स्वतः उकिडवा बसून, शाळकरी पोराच्या उंचीवरून ते बघायचा आणि स्वतःवरच चिडायचा. एकदा तलवारींनी भरलेल्या दालनात मला म्हणाला, “लय तलवारी झाल्या गड्या. धरणारा हात कुटं हाय?” मी म्हणालो, हात कुजतो, तलवार राहते, त्याला तू काय करणार. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. असा तापट होता, आणि राग धरायचा तोही असल्या गोष्टींवर. स्वतःच्या बढत्या अडल्या, त्याबद्दल मात्र कधी चकार शब्द काढला नाही.

निवृत्तीनंतर बायको गेली आणि मुलगी मेघा त्याला अमेरिकेला घेऊन गेली, ओहायोत. वर्षातले पाच-सहा महिने तिकडं, उरलेले गावाकडं. तिकडं दिवसभर घरात एकटा बसून करायचं काय? गल्लीच्या टोकाला जुन्या घराचं एक लहान संग्रहालय होतं, तिथं हा रोज जाऊन बसायला लागला. शेवटी तिथलं काम बघणाऱ्या बाईंनी त्याला पुतळ्यांचा उडालेला रंग नीट करायला दिला. रात्री त्याचा फोन यायचा, म्हणजे आमच्याकडं सकाळी, मी दुकान उघडत असताना. त्याच्याकडून मला कळलं की त्या गावाजवळून मोठी नदी वाहते, आणि एके काळी नदीच्या अल्याड माणूस मोकळा आणि पल्याड दुसऱ्याच्या मालकीचा, बैलासारखा विकला जाणारा, असा हिशेब होता. पल्याडची काळी माणसं पळून, नदी ओलांडून यायची. पण अल्याड आली तरी सुटली नाहीत; मालकाची माणसं मागं यायची आणि कायदा त्यांच्याच बाजूनं होता. म्हणून त्यांना लपत लपत आणखी उत्तरेला, दुसऱ्या देशापर्यंत जावं लागायचं. हे संग्रहालय म्हणजे अशा पळालेल्यांना आसरा देणाऱ्या एका देवभोळ्या गोऱ्या गृहस्थाचं घर. त्याची खुर्ची, त्याचा चष्मा, त्याच्या बायकोचा पाळणा, सगळं जपून ठेवलेलं. खिडकीत एक वाकळ टांगलेली, तिच्या ठिगळांत म्हणे पळणाऱ्यांसाठी वाटेच्या खुणा होत्या. आणि तळघरातून नदीकडं जाणारं एक भुयार.

भुयारावरून पहिली ठिणगी पडली. “पोरं रांग लावत्यात रं भुयारासाठी,” तो सांगत होता. “रांगत आत जायचं, हसत भाईर यायचं, वर छातीवर लावाय एक स्टिकर मिळतो. त्यांचे आईबाप फोटू काढत्यात.” त्यानं भुयाराच्या विटा बघितल्या, उतार बघितला आणि बाईंना विचारलं, हे पावसाचं पाणी काढायचं गटार तर नव्हे? त्याला वाटलं होतं बाई रागावतील. बाई अजिबात रागावल्या नाहीत. म्हणाल्या, गटारच आहे, आणि तेसुद्धा गुलामी संपल्यावर बांधलेलं. आम्ही तसं पाटीवर लिहिलंय, वाकळीबद्दलसुद्धा पुरावा नाही असं लिहिलंय, पण पाटी कोण वाचतं... लोक भुयार बघायला येतात, भुयार बंद केलं तर पोरं येणार नाहीत, आणि पोरं आली नाहीत तर बाकीचं कुणाला सांगू? त्या बाई वाईट नव्हत्या, विलास म्हणाला, दमलेल्या होत्या. मला ते लगेच पटलं.

त्याला खरा सल होता तो वेगळाच. त्या घरात लपवणाऱ्याचं सगळं होतं आणि पळणाऱ्यांचं काहीच नव्हतं. पळणारी माणसं म्हणजे भिंतीवर काळ्या रंगात काढलेल्या वाकलेल्या आकृत्या, नाक-डोळे नसलेल्या. “वाकून कोण पळतंय का?” तो फोनवर ओरडला. “मैलोन् मैल चालत आलेली माणसं ती, नदी पोहून आलेली. ह्यांच्या दारात पोचायच्या आधीच निम्मं काम त्यांनी सोताच केल्यालं. आन् मदत करणारी बी निम्मी काळीच हुती, धुणं धुणारी, नाव वल्हवणारी. त्यांची एक पाटी हाय, संडासाच्या दाराजवळ.” मग एकदा तो मोठ्या शहरातल्या मोठ्या संग्रहालयात जाऊन आला आणि त्या दिवशी त्याचा आवाजच खाली गेलेला. तिथं त्यानं जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती बघितल्या होत्या. पळालेल्या माणसाला पकडून द्या म्हणून मालकांनी दिलेल्या. त्यांत माणसाचं नाव, उंची, कपाळावरचा व्रण, अंगातला कोट, बोलण्याची ढब, सगळं बारकाईनं लिहिलेलं. “बघ की भरत,” तो म्हणाला, “पकडणाऱ्यानं त्याचा चेहरा लिवून ठेवला. लपवणाऱ्यांनी भ्यापोटी कायच लिवलं न्हाई, त्यांचं बी बराबर हाय. पण शेवटी त्यो माणूस दिसतो कुटं, तर दुस्मनाच्या कागदात.” मी दुकानाचं शटर वर करायचं थांबवून ते ऐकत उभा होतो. हमाल माझ्याकडं बघत होते.

त्या वर्षी तो परत आला तेव्हा गावात नवीनच टूम निघालेली. शाळेची एक रिकामी खोली होती, तिथं गावातल्या बेचाळीसच्या चळवळीचं दालन करायचं. समितीचे अध्यक्ष दादा, आणि काम साहजिकच विलासकडं. दालनात मुख्य काय असणार यावर कुणाचंही दुमत नव्हतं. पाटलांचं पेव. आमच्या भागात हळद जमिनीतल्या पेवात ठेवतात, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. तोंड अरुंद, पोट मोठं, आत हळद भरायची आणि वरून दगड, माती लावून बंद करायचं. आत हवा राहत नाही म्हणून कीड लागत नाही. आणि गावात पिढ्यान् पिढ्या सांगत आलेली गोष्ट अशी, की बेचाळीसात एक भूमिगत कार्यकर्ता पाटलांच्या आश्रयाला आला, पोलीस मागावर होते, तेव्हा विलासच्या वडलांनी त्याला पेवात उतरवून वर दगड लावला आणि आठवडाभर लपवला. दर पंधरा ऑगस्टला ही गोष्ट व्हायची. मीही ती टाळ्या वाजवत ऐकली आहे. गंमत अशी की ऐकणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांनी आयुष्यभर पेवं उघडलेली. पेव उघडल्यावर दिवसभर तसंच ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा, तो विझला तर कुणी उतरायचं नाही, हे त्यांना शिकवावं लागत नाही. घाई केलेली माणसं आत मेलेली त्यांनी बघितलीत. तरी बंद पेवात माणूस आठवडाभर जगला, ही गोष्ट ऐकताना कुणाच्या मनात कंदील येत नव्हता. विलासच्याही आला नव्हता, माझ्याही नाही. तो म्हणायचा, मला ओहायोतलं गटार बघून आमचं पेव दिसलं.

खरी हकिगत त्याला घरातच मिळाली होती, आणि ती काही कुणी दडवून ठेवलेली नव्हती. त्याची सोनाआत्या, वडलांची धाकटी बहीण, नव्वदीला आली तरी तिचं डोकं शाबूत होतं. त्यानं विचारल्यावर तिनं, मरण्याच्या आदल्या वर्षी, सरळ सांगितलं, “पेवात कुटला माणूस? त्या साली पेव हळदीनं गच भरल्यालं हुतं. त्यो तान्हूच्या खोपटात हुता. भाकरी बी तिचीच खाल्ली.” तान्हू म्हणजे गावाबाहेरच्या मातंग वस्तीतली तान्हुबाई. तिनंच त्याला एका रात्री उसातून, नदी पायी ओलांडता येते त्या उतारापर्यंत नेलं, ती पुढं आणि तो मागं. विलासच्या वडलांना ठाऊक होतं, त्यांनी कुणाला कळू दिलं नाही, हेसुद्धा त्या काळी लहान नव्हतं. पण त्या माणसानं तान्हुबाईच्या घरचं पाणी घेतलं, भाकरी खाल्ली, हे तेव्हा चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून स्वातंत्र्य आल्यावर गोष्ट तिच्या खोपटातून हळूहळू पाटलांच्या पेवात सरकली. कुणी ठरवून खोटं बोललं नाही. मला याचा राग येत नाही, नुसता शीण येतो... इतक्या भल्या माणसांनी मिळून एका बाईला पुसलं, आणि कुणाच्या हाताला डागही लागला नाही.

विलास वस्तीत जाऊन बसायला लागला. तिथल्या म्हाताऱ्यांकडून त्यानं एकेक तुकडा गोळा केला, नदीपलीकडं त्या माणसाला कुणी घेतलं, पुढं कुठल्या गावात कुणाच्या मळ्यात नेलं, सगळं. लिहून काही ठेवलं नाही. नोकरीतही तो पाट्यांचा मजकूर महिनोन् महिने डोक्यात फिरवायचा आणि शेवटी एका बैठकीत लिहून टाकायचा. तान्हुबाईचा फोटो कुणाकडं नव्हता. म्हातारे म्हणाले, नात हुबेहूब तिच्यावर गेलीय. नात म्हणजे शालन, गावातल्या अंगणवाडीत मदतनीस आहे. विलास तिला समोर बसवून पुतळ्याचा चेहरा करणार म्हणाला, तर ती तयार होईना. मी तेव्हा तिथंच होतो. “आज्जी कुणाला कवा बोलली न्हाई. तुमी कशाला उकरताय आवं?” ती म्हणाली. “आमाला ह्याच गावात ऱ्हायचं हाय.” तिचं चूक नव्हतं. मग तिनंच विचारलं, नाव लिहिणार का पाटीवर? तो म्हणाला, लिहिणार. “मग पुरं लिवा. नुसतं तान्हू नगं.” आणि ती पुढचे कितीतरी रविवार येऊन बसली.

दादांना पुतळ्याचं काही वाटलं नाही. एक बाई असू दे कोपऱ्यात, म्हणाले. भांडण झालं पेवावरून. विलासनं प्लायवूड आणि प्लास्टरचं पेव केलं होतं, मधून कापल्यासारखं, म्हणजे आतलं पोट दिसावं. आत बसलेला माणूस असणार अशी दादांची समजूत होती. ते एक दिवस बघायला गेले तर पेव तोंडापर्यंत हळकुंडांनी भरलेलं. खरी हळकुंडं, मीच दोन पोती पाठवली होती. दादा आल्या पावली परत फिरले आणि त्यानंतर घरात दोघांचं बोलणंच बंद झालं. एकाच पातेल्यातली भाजी वाढून घ्यायची आणि एकमेकांकडं बघायचं नाही. दादांच्या बाजूनं बघा: वडील गेले तेव्हा विलास कॉलेजात होता, घर, शेती, बहिणींची लग्नं दादांनी ओढली. वडलांची म्हणून त्यांच्याकडं उरलेली एकच मोठी गोष्ट होती, आणि धाकटा भाऊ ती हळदीनं बुजवत होता.

मी विलासला म्हणालो, मी बोलतो दादांशी, पेवाचं मला कळतं, माझं ऐकतील. त्यानं हात जोडले. “न्हाई गड्या. तू भाईरचा. तू बोललास तर त्याला झोंबंल आन् त्यो आनि ताठंल. त्याच्या तोंडनं आलं पायजे, न्हायतर कायबी उपेग न्हाई.” ही आमची शेवटची भेट. तो पुतळ्याच्या लुगड्याला रंग देत होता, दर थोड्या वेळानं स्टुलावर बसून दम खात होता. तान्हुबाई ताठ उभी, डोक्यावर टोपली, मान वर. तिच्या मागं चालणारा माणूसही ताठ. मी विचारलं, पाट्या कधी लिहितोस? म्हणाला, “पाट्या शेवटी. दोगं बोलाय लागलो की लिवतो.” मला वाटतं त्याला दादांच्या तोंडून आलेलं वाक्यच पाटीवर लिहायचं होतं. ते काही झालं नाही.

त्यानं ठरवलेल्या दिवशीच दालन उघडलं. मेघा तिकडून आली होती, तेराव्याला राहिली आणि उद्घाटनालाही. पाहुण्यांनी भाषणात पेवाचीच गोष्ट सांगितली. पाटी एकही नाही, मागं हळदीनं भरलेलं पेव, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शालन मागच्या रांगेत बसली होती, भाषण संपायच्या आधी उठून गेली. मी मेघाला स्टँडवर सोडायला गेलो तेव्हा ती म्हणाली, “काका, बाबा तिकडं संग्रहालयात रोज भांडायचे, आणि घरी आल्यावर म्हणायचे, आमच्याकडंबी हेच हाय.” एवढं बोलून ती एसटीत चढली.

परवा मी दादांना भेटायला गावी गेलो. घरी नव्हते. वहिनी म्हणाल्या, दालनात असतील, हल्ली रोज तिथंच खुर्ची टाकून बसतात. कोण आलं की गोष्ट सांगतात. मी गेलो तेव्हा शाळेतली पोरं आत होती, एक शिक्षक होते आणि दादा काठी टेकून पेवापाशी उभे होते. गोष्ट सुरू झाली होती. पोलीस आले, वाड्यावर घोडे आले, वडलांनी माणसाला आत घेतलं... इथं ते थांबले. एका मुलीनं विचारलं, “पण ह्यात हळद हाय की. त्यो बसला कुटं?” शिक्षकांनी तिला डोळ्यांनी दटावलं. दादा रागावतील असं मला वाटलं. ते पेवाकडं बघत राहिले. मग त्यांचं लक्ष दाराकडं गेलं, माझ्याकडं. “भरत, तू हळदीतला माणूस हाईस,” ते म्हणाले. “ह्यास्नी सांग. बंद पेवात माणूस ऱ्हाईल का?”

मला काही क्षण कळलंच नाही की ते हे का विचारतायत. पेवं त्यांनी माझ्यापेक्षा जास्त उघडलीत. मी म्हणालो, “दादा, तुम्हाला ठाऊक हाय.” ते म्हणाले, “मला ठावं हाय. मला म्हणवत न्हाई. तू म्हण.”

“न्हाई ऱ्हात,” मी म्हणालो. “तासाभरात मरंल.”

दादांनी मान हलवली. काठी उचलली आणि पोरांना म्हणाले, “ऐकलं न्हवं? मग आता हिकडं या.” पोरं त्यांच्यामागं पुतळ्यापाशी गेली. “ही तान्हुबाई. तान्हुबाई ज्ञानू अवघडे. आपल्याच गावची. हिच्या घरात त्यो ऱ्हायला, हिची भाकर खाल्ली, आन् हिनं त्याला नदीपातुर नेला. रातचं. ही म्होरं, त्यो मागं.” आवाज अडखळत होता, वर्षानुवर्षं एक गोष्ट सांगणारा माणूस दुसरी पहिल्यांदा सांगत होता. “नदीच्या पल्याड...” म्हणाले, आणि थांबले. पुतळ्याकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं. जिथं पाट्या लागायच्या होत्या तिथं नुसते खिळे होते. पोरं वाट बघत उभी होती.

“म्होरलं विलासला ठावं हुतं,” दादा म्हणाले.

ते खुर्चीवर जाऊन बसले आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पुढं झालो आणि विलासनं मला जेवढं सांगितलं होतं तेवढं पोरांना सांगितलं. ते लवकर संपलं.